महिनाभराचे वाचन आणि 'प्रांजळ' हे विशेषण

गेल्या महिन्यात सहा पुस्तके वाचून संपली. त्यांतली दोन पूर्वी वाचलेली, दोन कित्येक वर्षे अर्धवट पडून राहिलेली आणि दोन नवी. नवी म्हणजे मला नवी. निवडीमागे काही सूत्र नव्हते. जे हाताशी आले ते वाचत गेलो. साहित्य शिकवणे हा माझा व्यवसाय नाही आणि परीक्षेसाठी वाचण्याचे दिवसही मागे पडले. तेव्हा पुढे जे येईल ती सवडीने वाचणाऱ्या एका माणसाची मते आहेत, इतकेच. मात्र अशा वाचकाला एक सोय असते. त्याला प्रस्तावना सर्वांत शेवटी वाचता येते. अभ्यासक्रमात पुस्तक नेमलेले असले की आधी प्रस्तावना, मग प्रश्नपत्रिका आणि वेळ उरलाच तर पुस्तक, असा क्रम लागतो. त्यात कोणाचा दोष आहे असे मी म्हणत नाही. पण त्यामुळे पुस्तकाच्या पहिल्या ओळीपर्यंत पोचण्यापूर्वीच त्याच्याविषयीची विशेषणे आपल्या खिशात येऊन पडलेली असतात.

मराठीत प्रथमपुरुषी लेखनासाठी असे एक विशेषण ठरून गेलेले आहे : 'प्रांजळ'. आत्मचरित्र असो, प्रवासवर्णन असो, 'मी'ने सांगितलेली कादंबरी असो. निवेदन प्रांजळ असते, त्याच्या जोडीला भाषा साधी आणि ओघवती असते, आणि लेखकाने जे पाहिले ते 'जसेच्या तसे' मांडलेले असते. मलपृष्ठांवर, परीक्षणांत, वर्गात उतरवून घेतलेल्या टिपणांत हा शब्द इतक्या वेळा भेटतो की तो स्तुतीचा आहे की नुसता शिक्का आहे, हे कळेनासे होते. माझी तक्रार अशी की हा शब्द वाचकाचे काम थांबवतो. ज्याला आपण प्रांजळ म्हटले त्याची उलटतपासणी करणे असभ्यपणाचे वाटू लागते. या महिन्यातल्या सहाही पुस्तकांत 'मी' बोलतो आहे, आणि एकालाही या विशेषणावर सोडून द्यावे असे वाटले नाही.

अर्धवट राहिलेल्यांपैकी पहिले, विष्णुभट गोडसे यांचे 'माझा प्रवास'. पेणजवळच्या वरसईचा हा तिशीतला भिक्षुक १८५७ साली उत्तरेकडे निघाला तो दक्षिणेसाठी. घरावर कर्ज होते. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेस मोठा यज्ञ करणार, तिथे विद्वान ब्राह्मणांना भरपूर द्रव्य मिळणार, ही वार्ता कोकणापर्यंत पोचली होती. काका रामभट यांच्यासह गोडसे निघाले. महूच्या आसपास बंडाची कुणकुण लागली आणि यज्ञ दूरच राहिला. पुढची दोन वर्षांहून अधिक काळ हे दोघे चुलते-पुतणे ग्वाल्हेर, झाशी, काल्पी, चित्रकूट असे फिरत राहिले. १८५८ च्या एप्रिलमध्ये सर ह्यू रोजच्या फौजेने झाशी घेतली तेव्हा गोडसे शहराच्या आत होते. झाशीच्या त्या दिवसांबद्दल आतल्या बाजूने मराठीत लिहिलेला याच्या तोडीचा मजकूर माझ्या वाचनात नाही.

एवढे सर्वांना ठाऊक असते. वर्गात आणि निवडक उताऱ्यांत पुस्तकाचा हाच भाग येतो, आणि त्यातही राणी लक्ष्मीबाईंची पाने. काल्पीच्या वाटेवर विहिरीपाशी थांबलेली, पठाणी वेषातली, थकलेली राणी आणि तिला पाणी काढून देऊ पाहणारा ब्राह्मण हा प्रसंग तर अगदी नेमाने. प्रसंग मोठाच आहे, वाद नाही. पण सलग वाचताना मला जे पुस्तक दिसले ते राणीचे चरित्र नाही आणि बंडाचा इतिहासही नाही. ते कर्जबाजारी माणसाच्या जमाखर्चाचे पुस्तक आहे. कोणत्या गावी कोणता परिचित दक्षिणी ब्राह्मण भेटला, कोणाकडे उतरायला मिळाले, कोणत्या अनुष्ठानात काय हाती आले, काय कमरेला बांधले, काय लुटले गेले, याची नोंद हा माणूस कधीही चुकवत नाही. राजे, किल्ले आणि लढाया या जमाखर्चाच्या कडेने येतात. दरबाराचे महत्त्व तिथे दानधर्म किती होतो यावर ठरते.

हे मी उणेपणा म्हणून सांगत नाही. किंबहुना झाशीच्या लुटीचे वर्णन इतके भयंकर उतरले आहे ते या नजरेमुळेच. सोने-नाणे, भांडी, कपडे, धान्य. कशाची लूट आधी झाली आणि कशाची मागून, हे गोडसे अशा बारकाईने सांगतात की शहर सोलले जात असल्याचा भास होतो. वस्तूची किंमत ज्याला पोटातून ठाऊक आहे त्यालाच हे असे सांगता येते. शोककाव्य लिहिणाऱ्याला ते जमले नसते. राजवाड्यातल्या ग्रंथसंग्रहाचा विध्वंस सांगताना मात्र त्यांचा स्वर बदलतो. तिथे भिक्षुक मागे सरतो आणि पोथ्यांवर वाढलेला माणूस पुढे येतो. मला हे पान राणीच्या पानांइतकेच महत्त्वाचे वाटले.

आता 'जसेच्या तसे' या दाव्याकडे. गोडश्यांनी हे लिहिले ते चिंतामणराव वैद्यांच्या सांगण्यावरून, १८८३ च्या सुमारास, म्हणजे घटनांनंतर पंचवीस वर्षांनी. छापले गेले १९०७ साली. मधल्या विलंबामागे सरकारी रोषाची धास्ती हे एक कारण होतेच. छापताना वैद्यांनी मजकुरावर आणि भाषेवर हात फिरवला. मूळ हस्तलिखिताच्या आधारे दत्तो वामन पोतदारांनी स्वतंत्र आवृत्ती काढली ती १९६६ साली. म्हणजे जवळजवळ साठ वर्षे मराठी वाचक ज्या प्रांजळ शैलीचे कौतुक करत होता तिच्यातली किती गोडश्यांची आणि किती वैद्यांची, हा प्रश्न विचारणे त्याला शक्यच नव्हते. आज शक्य आहे. तरीही हातातली प्रत कोणत्या परंपरेतली हे न सांगता गोडश्यांच्या भाषेवर टिपणे लिहून दिली जातात, याचे मला आश्चर्य वाटते. एखाद्या कवितेतला एक शब्द बदलला तर आपण संहितेच्या शुद्धतेवर परिसंवाद भरवू. गद्याच्या वाट्याला ती काळजी येत नाही.

शिवाय गोडसे जे सांगतात ते सगळे पाहिलेले नाही. कानपूर आणि लखनौच्या हकीकती ऐकीव आहेत, आणि त्या ते अशा तपशिलाने सांगतात की जणू स्वतः तिथे हजर होते. झाशीच्या गंगाधररावांविषयीच्या गोष्टी, तिथल्या नारायणशास्त्र्याचे प्रकरण, हा सगळा ओसरीवरच्या गप्पांचा ऐवज आहे. इतिहासाचा अभ्यासक यावर नाक मुरडेल. मला तो पुस्तकाचा फार मोलाचा भाग वाटतो, कारण १८५७ सालचे उत्तर हिंदुस्थान कोणत्या बातम्यांवर, अफवांवर आणि कुजबुजीवर चालले होते ते त्यातून कळते. मृणाल पांडे यांच्या इंग्रजी अनुवादाचे (२०११) नाव या लेखनाला बंडाची 'खरी हकीकत' म्हणते. प्रकाशनव्यवसायाची ती गरज असेल. पण गोडसे साक्षीदार आहेत आणि उत्तम गोष्टवेल्हाळही आहेत. यांतला एक जण दुसऱ्याला कुठे जागा करून देतो, हे पाहण्यातच वाचनाचा आनंद आहे.

शेवटी गोडसे घरी परततात. द्रव्य वाटेतच गेले आहे. खांद्यावर गंगेची कावड आहे. आईवडिलांना गंगास्नान घडते आणि जमाखर्चाची वही पुण्याच्या बाजूने बंद होते. या ठिकाणी मी बराच वेळ थांबलो. परतायला वरसई आहे म्हणून हे पुस्तक आहे. झाशीत ज्यांची घरे जळली त्यांच्यापैकी कोणी असे पुस्तक लिहिल्याचे मला ठाऊक नाही. सांगणारा हा त्या गावचा पाहुणा होता.

हा विचार डोक्यात असतानाच 'बनगरवाडी' (१९५५) पुन्हा वाचली, आणि ती वेगळीच वाटली. व्यंकटेश माडगूळकरांच्या या कादंबरीवर 'ग्रामीण' हा शिक्का बसून आता सत्तर वर्षे झाली. माणदेशातली धनगरांची वाडी, तिथे आलेला पोरगेला मास्तर, कारभारी, आनंदा रामोशी, अंजी, मेंढरे, दुष्काळ. चित्र डोळ्यांपुढे उभे करण्याची माडगूळकरांची ताकद वादातीत आहे. चार वाक्यांत माणूस उभा करावा आणि पाचव्यात त्याला निघून जाऊ द्यावे, हे त्यांनीच करावे. अमोल पालेकरांचा १९९५ चा चित्रपट पाहिलेल्यांना ती वाडी दिसतेसुद्धा.

पण हे वाडीचे पुस्तक आहे का? हे तर मास्तराचे पुस्तक आहे. राजाराम विठ्ठल सौंदणीकर हा पगारी माणूस आहे. पगार फार नाही, पण तो पावसावर अवलंबून नाही, आणि त्या वाडीत असा दुसरा माणूस नाही. मास्तर पत्रे लिहून देतो, तंटे सोडवतो, पैशांची कामे करतो, तालीम बांधायची कल्पना काढतो आणि सगळ्या वाडीला तिच्या मागे लावतो. राजेसाहेब येतात, तालमीचे उद्घाटन होते. मग पाऊस येत नाही. मेंढरे मरू लागतात, माणसे जगायला बाहेर पडतात, वाडी रिकामी होते. तालीम उभी राहते.

वर्गात विचारला जाणारा प्रश्न बहुधा असा असतो : मास्तराची व्यक्तिरेखा स्पष्ट करा. उत्तरात तो आदर्शवादी, संवेदनशील, निरागस इत्यादी असतो. मला वाटते, माडगूळकरांनी यापेक्षा कठीण काहीतरी लिहून ठेवले आहे. शेकूच्या घरी दुसरा बैल नाही म्हणून त्याची बायको औताला खांदा लावते, तो प्रसंग आठवावा. मास्तर पाहतो. आपणही त्याच्याबरोबर पाहतो. आपले डोळे भरून येतात आणि त्या डोळे भरण्यातच प्रसंग संपतो, कारण मास्तराला दुसऱ्या दिवशी शाळेत जायचे आहे. अंजीच्या चोळीचे प्रकरण तर याहून नाजूक. तिच्या खणाची चोळी शिवून आणण्याचे साधे काम मास्तर अंगावर घेतो आणि त्यावरून कारभाऱ्याचे मन फिरते. आपण मास्तराच्या बाजूचे असतो, कारण सांगणारा तोच आहे आणि त्याच्या मनात काही नव्हते हे तोच आपल्याला सांगतो. कारभाऱ्याच्या जागी उभे राहून वाचले तर शहाणपण कोणाकडे होते हे ठरवणे सोपे राहत नाही. बाहेरून आलेला, तरणा, सरकारचा माणूस आणि वाडीतली एक पोर. म्हाताऱ्याला काय वाटावे?

माडगूळकर हे सगळे उच्चारत नाहीत. त्यांची वाक्ये लहान आहेत आणि मते त्याहून लहान. त्यामुळेच वाटते, की या कादंबरीला निरागस म्हणून आपण लेखकाची थोडी फसवणूक करत आलो आहोत. सोडून जाऊ शकणारा माणूस मागे राहणाऱ्यांची गोष्ट सांगतो, आणि ती सांगताना आपण कसे निघून आलो हेही नकळत सांगून जातो. हा विषय 'ग्रामीण साहित्य' या कप्प्यात मावणारा नाही. (आणि तो कप्पा करणाऱ्यांनी 'नागर साहित्य' असा कप्पा कधी केला नाही, हेही जाता जाता.)

विवेक शानभाग यांची 'घाचर घोचर' ही कन्नड लघुकादंबरी मी श्रीनाथ पेरूर यांच्या इंग्रजी अनुवादातून वाचली. एका बैठकीत वाचून होते, आणि नंतर दोन दिवस दुसरे काही वाचवत नाही. बंगळूरमधले एक निम्नमध्यमवर्गीय कुटुंब काकांच्या मसाल्याच्या धंद्यामुळे अचानक श्रीमंत होते. कमावणारा एकच, खाणारे सगळे. सांगणारा मुलगा नावापुरता कंपनीचा संचालक आहे. दिवसभर कॉफी हाउसमध्ये बसतो आणि व्हिन्सेंट नावाच्या वेटरच्या मोघम उद्गारांत अर्थ शोधतो. 'घाचर घोचर' हा त्याच्या बायकोच्या माहेरचा, भावंडांनी बनवलेला शब्द : गुंता होऊन बसलेल्या, सोडवता न येणाऱ्या गोष्टीसाठी. मराठी वाचकाला तो समजावून सांगावा लागत नाही, कानालाच कळतो.

इथे मला पाहिजे होते ते उदाहरण मिळाले. हा निवेदक अतिशय प्रांजळ आहे. काही म्हणता काही लपवत नाही. आई आणि बहीण दारात आलेल्या एका बाईला कसे हाकलतात ते तो सांगतो. ती काकांसाठी मसूरची आमटी घेऊन आलेली असते, बाकी तिचा गुन्हा नाही. जुन्या घरातल्या मुंग्या आम्ही कशा मारायचो, त्यात कसा आनंद वाटू लागला, तेही सांगतो. आपण काही करत नाही, कधीच काही केले नाही, हेसुद्धा सांगतो. आणि या सगळ्या सांगण्याच्या आड जे घडत असते ते शेवटच्या पानापर्यंत तो स्वतःलाही सांगत नाही. (शेवट इथे देत नाही. ज्यांनी वाचली नाही त्यांचा हक्क अबाधित राहो.) प्रांजळपणा ही लपण्याची जागा होऊ शकते, हे इतक्या थोड्या पानांत, आवाज न चढवता, शानभागांनी दाखवले आहे. या एका पुस्तकासाठी महिना कारणी लागला असे म्हणायला हरकत नाही. 'कुटुंबसंस्थेचे विघटन' या मथळ्याखाली तिचे टिपण कोणी काढू नये, एवढीच प्रार्थना. विघटन कुठले? ते कुटुंब नको तितके एकसंध आहे.

विश्राम बेडेकरांच्या 'रणांगण'विषयी थोडक्यात. १९३९ साली, म्हणजे महायुद्ध ज्या वर्षी सुरू झाले त्याच वर्षी, ही कादंबरी आली. युरोपातून पूर्वेकडे निघालेल्या बोटीवर जर्मनीतून हाकलले गेलेले ज्यू आहेत आणि मायदेशी परतणारा चक्रधर विध्वंस हा मराठी तरुण आहे. त्याचे आणि हर्टाचे प्रेम बोटीच्या दिवसांपुरते आहे. मुंबई आली की तो उतरणार, ती उतरू शकणार नाही. पहिल्या वाचनात मला ही प्रेमकथा वाटली होती, आणि तशी ती आहेही. या खेपेला मात्र मुंबईच्या धक्क्यावर माझे लक्ष अडकले. एका माणसाच्या खिशात त्या बंदरात उतरण्याचा हक्क आहे आणि दुसऱ्याच्या नाही. बाकी सारे तत्त्वचिंतन त्यापुढे फिके पडते. चक्रधर स्वतःला दोष देतो, भरपूर देतो. त्याच्या आत्मनिंदेत थोडी ऐट आहे असे माझे मत झाले. बेडेकरांना ती ऐट दिसत होती का, हे ठरवता आले नाही. पण कादंबरीचा शेवट त्यांनी चक्रधराच्या पश्चात्तापावर टेकवून ठेवलेला नाही, हर्टाच्या बाजूचे सत्य त्यात येऊ दिले आहे, यावरून दिसत असावी असे वाटते. मराठी कादंबरीच्या इतिहासात या छोट्या पुस्तकाचा उल्लेख नेहमी 'आंतरराष्ट्रीय पार्श्वभूमी' म्हणून होतो. पार्श्वभूमी! बोटीवरच्या त्या माणसांचे पुढे काय झाले असेल हे आज आपल्याला लेखकापेक्षा जास्त ठाऊक आहे, आणि त्या ज्ञानासह वाचताना पार्श्वभूमी पुढे येऊन बसते.

सचिन कुंडलकरांची 'कोबाल्ट ब्लू' (२००६) वाचायची राहून गेली होती. पुण्यातल्या एका घरात एक तरुण भाडेकरू म्हणून येतो. घरातला मुलगा तनय आणि मुलगी अनुजा दोघेही त्याच्यात गुंततात. तो निघून जातो. पहिला भाग तनयचा, त्या निघून गेलेल्याला उद्देशून बोललेला. दुसरा अनुजाची रोजनिशी. पहिला भाग मला फार आवडला. 'तू' म्हणून बोलत राहण्यात जी लाचारी आणि जो हट्ट असतो तो त्या वाक्यांत उतरला आहे, आणि घरातल्या मराठीत उतरला आहे. समलिंगी प्रेमाबद्दल लिहिताना आपली भाषा एकतर वैद्यकीय होते किंवा कैफियतीची. इथे ती दोन्ही नाही. दुसरा भाग मात्र पहिल्याच्या सावलीत राहतो. अनुजाला स्वतःची भाषा मिळण्याआधीच तिची रोजनिशी तिला समजूतदार करून टाकते. दोन्ही भागांत त्या पाहुण्याला नाव नाही. जाणाऱ्याला इथे आवाज नाही आणि राहणारेच बोलत आहेत, ही वरच्या पुस्तकांच्या उलटी मांडणी मला लक्षणीय वाटली. ती मुद्दाम केलेली असो वा नसो. याहून अधिक म्हणण्यासारखे माझ्यापाशी नाही.

राहिली 'स्मृतिचित्रे'. लक्ष्मीबाई टिळकांचे हे आत्मचरित्र १९३४ पासून चार भागांत प्रसिद्ध झाले. शाळेत त्यातला एखादा विनोदी उतारा वाचलेला नाही असा मराठी वाचक क्वचितच सापडेल, आणि माझा संशय असा की पुष्कळांचे वाचन त्या उताऱ्यापाशीच थांबते. लक्ष्मीबाई साध्या, भोळ्या, हसतमुख, प्रांजळ. टिळक लहरी आणि थोर. ही जोडी मराठी मनाने इतकी प्रेमाने सांभाळली आहे की पुस्तक उघडण्याची गरजच वाटू नये.

पुस्तक उघडले तर पहिल्याच प्रकरणांत वडिलांचे सोवळे भेटते. बाजारातून आलेली वस्तूनवस्तू धुवून घेणारा, घरातल्या बायकामुलांना त्या धुण्यात भरडून काढणारा हा माणूस. लक्ष्मीबाई त्याच्यावर हसतात. वाचकही हसतो. पण जरा मागे वळून ती पाने पाहावीत. त्यात एका घराच्या छळाची साद्यंत हकीकत आहे, आणि ती हसत सांगितली आहे म्हणून कोणी मध्येच उठून गेले नाही. हा भोळेपणा म्हणावा, तर मग मुत्सद्दीपणा कशाला म्हणायचे? १९३४ साली साठी ओलांडलेल्या एका बाईने वडिलांबद्दल, सासऱ्यांबद्दल, नवऱ्याबद्दल जे लिहिले आहे ते तक्रारीच्या सुरात लिहिले असते तर छापले गेले असते का आणि कोणी वाचले असते का, याची मला शंका आहे. विनोदाने त्यांना बोलण्याची जागा दिली. त्या जागेवरून त्यांनी सगळे सांगितले : नारायण वामन टिळकांचे न सांगता घर सोडून जाणे, हाती आलेला पैसा वाटून टाकणे, रागाचे झटके, आणि त्या सगळ्यासह त्यांचे मोठेपण. नवऱ्याला माफ केले असे त्या कुठे म्हणत नाहीत. दोषही काढत बसत नाहीत. प्रसंग मांडतात आणि वाचकाला आपल्या शेजारी बसवून घेतात. तिथून टिळक जसे दिसतात तसे दिसतात.

१८९५ साली टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यानंतरची काही वर्षे लक्ष्मीबाई मुलाला घेऊन नातलगांच्या आश्रयाने राहिल्या. मग नवऱ्याकडे परतल्या, पण स्वतःचे सोवळे सांभाळून, वेगळ्या चुलीवर. १९०० साली त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. या पाच वर्षांची पाने मला या पुस्तकाचा गाभा वाटतात, कारण इथे लक्ष्मीबाई स्वतःलाही सोडत नाहीत. विटाळाची त्यांची भीती, पाणी कोणाच्या हातचे प्यायचे याची त्यांची धास्ती, आणि तो डोलारा एके दिवशी मनातल्या मनात कोसळणे. हे सांगताना त्या आपल्या जुन्या रूपाची बाजूही पूर्ण ताकदीने मांडतात. सुधारणेच्या बाजूने लिहिणाऱ्यांना सहसा हे जमत नाही. ते आपल्या पूर्वीच्या अज्ञानाची टवाळी करतात आणि पुढे जातात. लक्ष्मीबाई त्या घाबरलेल्या बाईला आदराने वागवतात. सांगणारी आणि सोसणारी यांच्यात चाळीसेक वर्षांचे अंतर आहे, ते अंतर वाचकाला सतत जाणवते, आणि ते लपवण्याचा प्रयत्न त्या करत नाहीत. प्रांजळ हा शब्द कुठे वापरायचाच असेल तर इथे वापरावा. फक्त मग त्याचा अर्थ 'साधी' असा करू नये. इतके अंतर तोलून धरायला फार मोठे कसब लागते.

उत्तरार्ध मात्र सैल आहे, हे प्रामाणिकपणे म्हटले पाहिजे. टिळक १९१९ साली गेले. त्यांच्यानंतरच्या काळात, कराचीच्या वास्तव्यात, माणसे येतात-जातात, प्रसंगांची रांग लागते, पण पूर्वीचा ताण राहत नाही. भक्तिभावाने लिहिणारे हे मान्य करत नाहीत. मला त्याचे कारण वय किंवा थकवा वाटत नाही. ज्या माणसाशी आयुष्यभर वाद घातला तो समोर उरला नाही, हे कारण असावे. सगळे पुस्तकच टिळकांशी चाललेले बोलणे होते.

आणि एक फरक. गोडश्यांना वरसई होती, मास्तराला बदलीचे ठिकाण होते, चक्रधराला मुंबई होती. लक्ष्मीबाईंना परतायला असे घर कधीच नव्हते. माहेर सोवळ्याने वेढलेले, सासर पाठ फिरवलेले, नवरा आज नाशकात तर उद्या नगरला, आणि १८९५ नंतर तर जातही बंद झालेली. तरी त्यांचे सांगणे इतर सर्वांहून मोकळे आहे. असे का, याचे उत्तर मला सापडलेले नाही. कोणी अध्यापक 'स्मृतिचित्रे' शिकवत असतील तर विद्यार्थ्यांना विनोदाची पाच उदाहरणे लिहायला सांगण्याऐवजी हा प्रश्न एकदा घालून पाहावा. उत्तरे वाचायला मला आवडतील. तोवर माझ्या मेजावर 'माझा प्रवास'च्या दोन आवृत्त्या शेजारी शेजारी उघड्या आहेत आणि झाशीच्या प्रकरणात वैद्यांनी नेमके कुठे कुठे हात घातला आहे ते ओळीओळीने पाहण्याचे काम, पेन्सिल घेऊन, नुकतेच सुरू केले आहे.